आडोसा कठड्याला नव्हे, खुर्चीला

प्रश्न: आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमची बाल्कनी चार मीटर लांब आणि १.६ मीटर खोल असून तिला उभ्या गजांचा, १०५ सेंटिमीटर उंचीचा कठडा आहे. समोर साधारण ११ मीटरवर संकुलातलीच दुसरी इमारत आहे आणि तिथल्या सगळ्या बाल्कन्या आमच्याकडे तोंड करून आहेत. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून ते रोज सकाळी दोन तास बाल्कनीत उन्हाला बसतात आणि मधूनमधून वॉकर घेऊन चार पावले चालतात. समोरून सतत कोणी ना कोणी पाहत असते. ‘मला काचेच्या कपाटात मांडून ठेवल्यासारखे वाटते,’ असे ते म्हणतात. म्हणून मी कठड्याला बांबूची चटई बांधली. तिसऱ्याच दिवशी असोसिएशनची नोटीस आली की सात दिवसांत ती काढावी, अन्यथा दंड होईल. त्यांचा नियम असा आहे: ‘कठडा, बाह्य भिंत आणि छत यांना कोणतीही वस्तू बांधू, टांगू, ठोकू अथवा चिकटवू नये. इमारतीच्या दर्शनी बाजूचे स्वरूप बदलू नये. कुंड्या बाल्कनीच्या आत बशीसह ठेवाव्यात.’ शेजारच्या बाल्कनीत आणि आमच्यात जेमतेम मीटरभर उंचीची भिंत आहे, त्यामुळे त्या बाजूनेही आडोसा नाहीच. मी असोसिएशनशी भांडावे, की वडिलांना घरातच बसवावे?

उत्तर: वडिलांना आत बसवू नका आणि असोसिएशनशीही भांडू नका, निदान आता तरी नको. चटई मात्र आजच सोडा. ती तुमचा प्रश्न सोडवत नव्हती, आणि मला आधी हेच सांगायचे आहे, कारण नियमाचा भाग त्यानंतर पुष्कळ सोपा होतो.

बाल्कनीत आडोसा हवा असला की आपला हात आपोआप कठड्याकडे जातो. कठडा ही बाल्कनीची सीमा आहे, तेव्हा पडदाही सीमेवरच असायचा, असे मनात पक्के बसलेले असते. परंतु तुम्हाला सीमा झाकायची नाही. समोरच्या काही डोळ्यांपासून वडिलांच्या चेहऱ्यापर्यंत येणाऱ्या काही सरळ रेषा तोडायच्या आहेत, आणि ती रेषा चेहऱ्याच्या जितक्या जवळ तोडाल तितका आडोसा लहान लागतो. तुमच्याच आकड्यांवर हिशेब करून पाहू. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वडील फार खाली बसू शकणार नाहीत. खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटर धरली तर बसलेल्या माणसाचा माथा जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर येतो. खुर्ची कठड्यापासून एक मीटर आत आहे आणि समोरच्या इमारतीत तुमच्यापेक्षा दोन मजले वर, म्हणजे सुमारे सहा मीटर उंचावर, कोणी उभे आहे असे समजा. त्याचे डोळे तुमच्या जमिनीच्या पातळीहून साडेसात मीटर वर असतील. तिथून निघालेली रेषा बारा मीटर अंतरात सव्वासहा मीटरच्या आसपास खाली उतरते, म्हणजे दर मीटरला अर्ध्या मीटरहून किंचित जास्त. ती कठड्यावर अडवायची झाली तर तिथला पडदा जमिनीपासून १.८२ मीटर उंच लागेल, म्हणजे कठड्याच्या वर ७७ सेंटिमीटर. कोणतीही असोसिएशन त्याला हरकत घेईल, आणि खरे सांगायचे तर मी समितीवर असतो तर मीही घेतली असती. तोच पडदा वडिलांच्या डोक्यापासून ४० सेंटिमीटरवर उभा केला तर दीड मीटर उंची पुरते. तुमची चटई कठड्याइतकीच, १०५ सेंटिमीटर उंच असणार. तिने वडिलांचे पाय झाकले आणि चेहरा उघडाच ठेवला.

समोरच्या सगळ्याच मजल्यांची काळजी करण्याचेही कारण नाही. फार वरच्या मजल्यांवरून येणारी नजर तुमच्या वरच्या बाल्कनीचा स्लॅबच अडवतो. छत २.७ मीटरवर असेल आणि वरची बाल्कनी तुमच्याइतकीच बाहेर आलेली असेल, तर साधारण सहा मजले वरच्या माणसाला कठड्यापासून मीटरभर आत बसलेल्याचा चेहरा दिसत नाही. खालच्या मजल्यांवरून पाहणाऱ्याला तुमच्या बाल्कनीची जमीनच आड येते आणि गजांमधून जे दिसते ते तुटक असते. तेव्हा तुमचे वाद आहेत ते बरोबरीच्या पातळीशी आणि त्याच्या वरच्या चार-पाच मजल्यांशी.

हे कागदावर मान्य झाले तरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एकही वस्तू विकत घेऊ नका. सकाळी वडिलांच्या वेळेला त्यांच्या खुर्चीत स्वतः बसा आणि समोर कोणाकोणाचे डोळे दिसू शकतील त्या खिडक्या आणि बाल्कन्या एका कागदावर टिपून घ्या. नजर दोन्हीकडून त्याच रेषेने जाते. समोरच्या ज्या माणसाचे डोळे तुम्हाला दिसत नाहीत त्यालाही तुमचे दिसत नाहीत. यादी तुम्हाला वाटते त्याहून छोटी निघेल. मग एखाद्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून तो खुर्चीच्या बाजूला धरायला घरातल्या कोणाला तरी सांगा आणि तो पुढेमागे, खालीवर सरकवत टिपलेल्या जागा एकेक करून झाकल्या जातात का ते पाहा. मीटरभर रुंदीच्या पुठ्ठ्याने पाच-सहा खिडक्या नाहीशा होतात हे पाहिल्यावर चार मीटरचा कठडा झाकण्याची कल्पना तुम्हालाच अवाजवी वाटू लागेल. हा प्रयोग दोन-तीन सकाळी करा, कारण ऊन आणि माणसे रोज त्याच जागी नसतात.

याच वेळी खुर्चीची दिशा बदलून पाहा. आता ती समोरच्या इमारतीकडे तोंड करून असेल, कारण बाल्कनीतली खुर्ची बाहेर तोंड करूनच ठेवायची असते असा समज आहे. ती काटकोनात वळवून कठड्याला समांतर ठेवली की वडिलांची नजर बाल्कनीच्या लांबीतून जाते, समोरच्यांना त्यांची फक्त एक बाजू राहते आणि त्या बाजूला आडोसा उभा करायला जागाही मिळते. तोंड आडोशाकडे असते तर त्यांना पुठ्ठ्याकडे बघत बसावे लागले असते. उंच पाठीची, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कान असलेली खुर्ची मिळाली तर अर्धे काम ती खुर्चीच करते, आणि खुर्चीला आक्षेप घेणारा नियम माझ्या पाहण्यात नाही.

आता नियमाकडे येऊ. तुम्ही तो शब्दशः लिहून पाठवला हे फार चांगले केले, कारण असे नियम वाचायचे ते क्रियापदे मोजत. तुमच्या नियमात चार क्रियापदे आहेत: बांधणे, टांगणे, ठोकणे, चिकटवणे. ठेवणे त्यात नाही. उलट शेवटच्या वाक्यात कुंड्या आत ठेवायला परवानगी दिलेली आहे. नियम करणाऱ्याच्या मनात दोन भीती आहेत, असे यावरून दिसते: इमारतीच्या सामाईक भागाला इजा होईल आणि बाहेरून इमारत विटकी, ठिगळे लावल्यासारखी दिसेल. या दोन्ही भीती खऱ्या आहेत. अशा संकुलांत बहुधा बाल्कनी वापरायचा हक्क एका घराचा असतो, पण कठडा, बाहेरची भिंत आणि स्लॅब सगळ्यांच्या मालकीचे असतात. बाहेरच्या भिंतीतल्या एका भोकातून शिरलेले पाणी खालच्या घराच्या छतावर डाग होऊन उमटते आणि मग दुरुस्तीचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा लागतो. गजांना करकचून आवळलेले केबल टायही (चटई बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) दिसतात तितके निरुपद्रवी नसतात. वाऱ्याने चटई हलत राहते, टाय रंगावर घासत राहतो, रंग गेलेल्या जागी पाणी धरते आणि लोखंड तिथूनच गंजायला लागते.

म्हणून बाल्कनीच्या आत, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी वस्तू हे तुमचे उत्तर आहे. तीन भागांचे घडीचे पार्टिशन घ्या. उंची दीड मीटर, उघडल्यावर रुंदी १.२ मीटरच्या आसपास. ते नागमोडी उभे केले की टेकूशिवाय राहते आणि वडील आत गेले की दुमडून दाराआड ठेवता येते. खुर्चीचा मध्य कठड्यापासून मीटरभर आत आणि पार्टिशन कठड्यापासून ६० सेंटिमीटर आत, अशी मांडणी करा. त्याचा एक फायदा असोसिएशनला सांगण्यासारखा आहे. खाली अंगणात, इमारतीपासून १० मीटरवर उभे राहून कोणी वर पाहिले तर कठड्याच्या काठावरून निघालेली त्याची नजर ६० सेंटिमीटर आत पोहोचेपर्यंत दीड मीटरच्या किंचित वर गेलेली असते. म्हणजे पार्टिशन कठड्यावरून डोके काढताना दिसत नाही. गजांच्या फटींतून त्याचा मधला भाग तेवढा दिसेल. म्हणून त्याचा रंग भिंतीच्या किंवा गजांच्या रंगाशी जुळणारा असू द्या. समितीच्या तक्रारी बहुतेक वेळा वस्तूबद्दल नसतात, रंगाबद्दल असतात, हा माझा अनुभव.

पार्टिशन भरीव फळ्यांचे नको, जाळीचे किंवा पट्ट्यांचे हवे. याचे कारण वारा. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरच्या झोतात दर चौरस मीटरवर साधारण २५ किलो वजनाइतका जोर येतो, आणि तुमच्या १.८ चौरस मीटरच्या भरीव पडद्यावर तो ४५ किलोपर्यंत जातो. पडद्याच्या आकारामुळे प्रत्यक्षात याहूनही वाढू शकतो. इतका जोर सोसेल असे हलके पार्टिशन मिळत नाही. निम्मी मोकळी जागा असलेल्या पडद्यातून वारा गाळून जातो, आणि शेताच्या कडेने वारा अडवणारी झाडे लावतात तेव्हाही ओळ पूर्ण गच्च ठेवत नाहीत ते याच कारणाने. गच्च भिंतीमागे वारा उलटून भोवरा करतो. अर्धवट मोकळ्या पडद्यातून दिसेल, ही तुमची शंका रास्त आहे. तिचे उत्तर उजेडात आहे आणि त्याकडे मी येतोच. तोवर एवढे पक्के करा की वारा सुटल्याची चाहूल लागताच पार्टिशन घरात जाईल. ही शिस्त पाळता येणार नसेल तर ते घेऊच नका. तिसऱ्या मजल्यावरून, नऊ मीटर उंचीवरून, सुटलेली वस्तू दीड सेकंदाच्या आत जमिनीवर असते आणि तेव्हा तिचा वेग ताशी ४८ किलोमीटरला टेकलेला असतो. याच हिशेबाने कठड्याच्या माथ्यावर कुंडी, फुलदाणी, काहीही ठेवायचे नाही, आतल्या अंगाला झुकवूनसुद्धा नाही.

उजेडाचे गणित थोडे गमतीचे आहे. पातळ पडद्यातून जास्त उजेडात असलेल्याला कमी उजेडातले दिसत नाही, आणि कमी उजेडात असलेल्याला जास्त उजेडातले स्पष्ट दिसते. दिवसा बाहेर लख्ख असते आणि सावलीतली बाल्कनी अंधारी, त्यामुळे जाळीआडून तुम्हाला जग दिसते आणि जगाला जाळीच दिसते. जाळी फिकट रंगाची असेल तर तिच्यावरच ऊन चमकते आणि बाहेरच्याला आरपार पाहणे अधिक कठीण जाते. गडद जाळीतून आतल्याला बाहेरचे नीट दिसते. तुमच्या बाबतीत एक अडचण आहे, कारण वडील बसतात तेच उन्हात. ऊन अंगावर असले तर जाळीमागचा माणूसही उजळलेला असतो आणि फायदा पुष्कळसा जातो. म्हणून जाळीऐवजी उभ्या पट्ट्या निवडा, प्रत्येक पट्टी किंचित तिरकी असलेल्या. पट्टीचा तिरकेपणा समोरची रेषा तोडतो आणि ऊन दुसऱ्या कोनातून येत असेल तर त्याला वाट राहते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे वडिलांच्या दोन तासांत तीस अंश. तेव्हा मध्येच एकदा खुर्ची आणि पार्टिशन दोन्ही थोडे फिरवावे लागेल. ऊन आणि नजर एकाच दिशेने येत असतील तर मात्र तडजोड करावी लागते. आडोसा छातीपासून माथ्यापर्यंतच ठेवावा आणि पाय उन्हाला मोकळे सोडावेत. शस्त्रक्रिया झालेला गुडघा झाकायचा असल्यास मांडीवर पातळ पांघरूण घातले की झाले.

संध्याकाळी कोणी तिथे बसणार असेल तर हे सगळे उलटते. रात्री बाल्कनीत दिवा लावून पातळ पडद्याआड बसणे म्हणजे सावल्यांचा खेळ दाखवणे. छतावरचा दिवा बंद करा, पाठीमागच्या खोलीतलाही मंद करा, आणि लागलाच तर गुडघ्याच्या उंचीखाली, जमिनीकडे तोंड असलेला एक छोटा दिवा पुरेल.

चालताना काय, हा प्रश्न तुमच्या पत्रात स्पष्ट नसला तरी आहेच. उभा माणूस झाकला जात नाही. त्यासाठी लागणारा आडोसा नियमात बसवायचा मार्ग मला दिसत नाही आणि दिसतो असे सांगून तुमची फसवणूक करणार नाही. पण काचेच्या कपाटाची ती भावना दोन तास एका जागी बसून राहिल्याने येते. वॉकर घेऊन मागच्या भिंतीच्या कडेने पाच मिनिटे चालणाऱ्या माणसाकडे कोणी टक लावून बसत नाही. चालण्याच्या वेळी पार्टिशन दुमडून ठेवा. त्याच्या पायांत वॉकर अडकणे हे समोरच्यांनी पाहण्यापेक्षा फार वाईट.

झाडांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण नियमात कुंड्यांना उघड परवानगी असल्याने त्यांचा उपयोग केला पाहिजे. बरोबरीच्या पातळीवरून पाहणाऱ्यांसाठी कठड्याजवळ जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीची, मऊ, झुलणारी वनस्पती पुरते. गवताच्या जाती इथे झुडपांपेक्षा सरस ठरतात, कारण वाऱ्यात त्या मोडत नाहीत, वाकतात. वाळा कुंडीत उंच आणि दाट होतो. बांबू लावायचा तर बेटाने वाढणाराच घ्यावा. जमिनीखालून धावत सुटणाऱ्या जातीने माझी एक चांगली मातीची कुंडी दोन वर्षांत फोडली आहे. उन्हाचा मारा थेट नसेल तिथे अरेका पाम चालतो, पण कडक उन्हात त्याची पाने करपतात. वेल लावायचा मोह आवरा. मांडवावर शोभणारे वेल बाल्कनीत कठड्याला आणि पाइपला विळखा घालतात, आणि मग ‘बांधू नये’ हा नियम तुम्ही नाही तरी वेल मोडतो.

कुंड्यांचे वजन मात्र गंभीरपणे घ्या. ९० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ खोल अशा एका लांबट कुंडीत ९४ लिटर माती मावते. साधी बागेची माती पाणी प्यायल्यावर लिटरला पावणेदोन किलोपर्यंत जाते, म्हणजे एका कुंडीचे सुमारे १६५ किलो, दोन भक्कम माणसांइतके. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (फुगवलेले हलके खनिज) यांचे मिश्रण वापरले तर हेच वजन निम्म्याच्या जवळपास येते. शिवाय बाल्कनीचा स्लॅब बहुधा एका बाजूने इमारतीत धरलेला आणि दुसऱ्या बाजूने अधांतरी असतो. तेच वजन कठड्याशी ठेवले तर भिंतीशी येणारा ताण ते मध्यावर ठेवल्याच्या दुप्पट होतो. म्हणून मोठी कुंडी एकच, तीही भिंतीच्या कोपऱ्यात, आणि कठड्याजवळ हलक्या प्लास्टिकच्या दोन-तीन उंच कुंड्या, इतपतच ठेवा. त्याहून अधिक मनात असेल तर स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय नको. कुंड्या जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा म्हणजे पाणी वाहून नेणारे भोक तुंबणार नाही, आणि बशीतले पाणी दर आठवड्याला ओता, कारण उबदार हवेत डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. घरात लहान मूल असेल किंवा येत असेल तर कठड्याला लागून कुंडी, खोके, खुर्ची यांपैकी काहीच नको. ४० सेंटिमीटरची कुंडी म्हणजे मुलाला मिळालेली पायरी, आणि मग तुमचा १०५ सेंटिमीटरचा कठडा ६५चा उरतो.

बाजारात प्लास्टिकच्या पानांच्या तयार भिंती मिळतात, त्या तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. त्या उन्हाने वर्षभरात निळसर पडतात, सहज पेट घेतात आणि बांधल्याशिवाय उभ्या राहत नाहीत. विषय संपला.

शेजारच्या बाजूची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे नजर समोरून नाही, दोन हातांवरून येते. तिथे आधी पार्टिशन न्यायचे नाही, आधी शेजाऱ्यांकडे जायचे. अचानक भिंतीपलीकडे पडदा उभा राहिला तर तो त्यांना स्वतःवरचा अभिप्राय वाटतो. वडिलांच्या गुडघ्याबद्दल दोन वाक्ये बोलून मग तिथे उंच कुंड्या ठेवल्या तर तेच लोक पाणी घालायलाही येतील. त्यांनाही आडोसा हवाच असण्याची शक्यता बरीच आहे. बोलताना एक तपासून घ्या: काही इमारतींत दोन बाल्कन्यांमधून आगीच्या वेळी पलीकडे जाण्याची सोय ठेवलेली असते. तसे असेल तर त्या भिंतीशी जड काहीही ठेवता येणार नाही, आणि बाल्कनीचे दार तर कोणत्याही परिस्थितीत पूर्ण उघडले पाहिजे.

आता नोटिशीचे उत्तर. मुदतीच्या आत लेखी द्या, जरी चटई काढून टाकली असली तरी. गप्प राहून चटई काढली तर नोंदीत फक्त नियमभंग राहतो. उत्तर दिले तर कारणही राहते. चटई अमुक तारखेला काढली, कठड्याला इजा झालेली नाही, सोबत छायाचित्र आहे, आणि वडिलांच्या प्रकृतीमुळे वेगळा अर्ज करीत आहोत, एवढ्या चार ओळी पुरे. ‘इतरांनीही बांधले आहे’ हे वाक्य या पत्रात लिहू नका. नियम सर्वांना सारखा लावला पाहिजे हा मुद्दा खरा आहे आणि पुढे दंडाची वेळ आली तर तो उपयोगीही पडेल. पण पहिल्याच पत्रात इतरांचे घर क्रमांक लिहिलेत तर वडिलांचा आडोसा राहील बाजूला आणि तुम्ही संकुलातले चुगलखोर ठराल.

ठेवणे हे क्रियापद मनाईच्या यादीत नसल्याने पार्टिशनसाठी परवानगीची गरज नाही, असा युक्तिवाद करता येतो. तरीही तो करू नका, कारण ‘दर्शनी बाजूचे स्वरूप’ हे शब्द इतके सैल आहेत की त्यात समितीला हवे ते बसते. त्याऐवजी त्यांना हो म्हणणे सोपे जाईल असा अर्ज द्या. त्यात बाल्कनीचा मोजमापांसह हाताने काढलेला आराखडा असावा, पार्टिशनची उंची आणि कठड्यापासूनचे अंतर असावे, रंगाचा नमुना असावा, आणि पुठ्ठ्याच्या प्रयोगाच्या वेळी खालच्या अंगणातून काढलेली दोन छायाचित्रे असावीत, एक पुठ्ठ्यासह आणि एक त्याविना. दोन्हींत फरक शोधावा लागतो, हे समितीतल्या सर्वांत कडक सदस्यालाही पाहता येईल. वस्तू कुठेही जोडलेली नाही, रोज सकाळी दोन-तीन तास उभी राहील, वाऱ्यात आत नेली जाईल आणि रंगकाम किंवा दुरुस्तीच्या वेळी स्वखर्चाने हलवली जाईल, हेही लिहा. डॉक्टरांचे दोन ओळींचे पत्र जोडता आले तर उत्तम, मात्र वडिलांच्या आजाराचे सगळे कागद समितीपुढे पसरू नका; ज्या आडोशासाठी ही धडपड चालली आहे तो त्यांना कागदावरही हवाच. शेजारी तयार असतील तर त्यांची सही घ्या, कारण एका घराची मागणी सवलत वाटते आणि दोन घरांची मागणी नियमातली उणीव दाखवते. नकार आलाच तर कारणासह लेखी मागा आणि नियमावली दुरुस्त करण्याची रीत त्याच नियमावलीत कुठे दिली आहे ते शोधा; बहुतेक ठिकाणी ती सर्वसाधारण सभेतून जाते आणि तिला वेळ लागतो.

म्हणूनच अर्जात मुदत घाला. कायमची परवानगी मागितली की समिती पुढच्या प्रत्येक अर्जदाराचा विचार करते आणि घाबरते. सहा महिन्यांची मागितली तर ती फक्त तुमच्या वडिलांचा विचार करते. सहा महिन्यांत त्यांचा गुडघा बहुधा पुष्कळ सुधारलेला असेल, वाळा दीड मीटरपर्यंत वाढलेला असेल, आणि कुंड्यांना तर नियमाने आधीच परवानगी दिलेली आहे.